पुढच्याची ठेच आणि चेन्नईची शाळा

डेनिस लिली भारतात एकही कसोटी सामना खेळला नाही. तरीही आयुष्यातली तब्बल पंचवीस वर्षं तो चेन्नईतल्या एका शाळेच्या मैदानावर येत राहिला. फिरकीच्या या शहरात वेगाची शाळा कशी उभी राहिली, तिथून कोण रिकाम्या हातानं परतलं आणि श्रीरामपूरच्या एका मुलाला तिथं काय मिळालं, त्याची ही कहाणी.

चेन्नई सेंट्रलच्या लाल इमारतीतून बाहेर पडलं की रस्त्यापलीकडे पार्क नावाचं लोकल गाड्यांचं स्टेशन लागतं. तिथून तांबरमकडे जाणारी लोकल पकडायची. पहिलं स्टेशन एग्मोर, दुसरं चेटपेट. मुंबईच्या लोकलमध्ये घडलेल्या माणसाला हा प्रवास म्हणजे नुसती चैन! चेटपेटला उतरून हॅरिंग्टन रोडच्या बाजूला वळलं की मद्रास ख्रिश्चन कॉलेज हायर सेकंडरी स्कूलचं आवार येतं.

महाराष्ट्रातून चेन्नईला जाणारे पर्यटक सहसा इकडे फिरकत नाहीत. त्यांची यादी ठरलेली असते. सकाळी मैलापूरचं कपालीश्वर मंदिर, संध्याकाळी मरीना बीच, एक दिवस महाबलीपुरम आणि परतायच्या आदल्या दिवशी टी. नगरमध्ये कांजीवरम साड्यांची खरेदी. मधल्या वेळात इडली, वडा आणि स्टीलच्या दबऱ्यातून वाफाळत येणारी फिल्टर कॉफी. या यादीत एखाद्या शाळेचं मैदान कशाला येईल?

पण घरात क्रिकेटवेडा मुलगा असेल तर या मैदानाची गोष्ट त्याला जरूर सांगावी. एमआरएफ पेस फाउंडेशन १९८७ मध्ये सुरू झालं ते याच आवारात. भारतीय क्रिकेटमध्ये वेगवान गोलंदाजीचा जो सुकाळ पुढे आला, त्याची काही मुळं इथल्या मातीत आहेत. आणि ती रुजवणारा माणूस होता एक ऑस्ट्रेलियन. भारतीयांना तो मित्रापेक्षा शत्रू म्हणूनच जास्त ठाऊक होता!

मेलबर्नचा तो दिवस

फेब्रुवारी १९८१. मेलबर्नच्या कसोटीत सुनील गावस्कर सत्तरीत खेळत होता. लिलीच्या चेंडूवर पंचांनी त्याला पायचीत दिलं. चेंडू आधी बॅटला लागला, असं गावस्करचं म्हणणं. त्यातच लिली काहीतरी बोलला आणि एरवी शांत असणाऱ्या गावस्करचा पारा चढला. त्यानं जोडीदार चेतन चौहानलाही हाताला धरून मैदानाबाहेर चालवलं. सीमारेषेजवळ संघाचे व्यवस्थापक विंग कमांडर दुराणी यांनी प्रसंग ओळखून चौहानला मागं पाठवलं, म्हणून सामना वाचला. आणि तो सामना शेवटी कपिलदेवनं पाच बळी घेऊन भारताला जिंकून दिला.

त्या दिवसापासून आपल्याकडे लिली म्हटलं की डोळ्यांपुढे यायची ती कपाळाला पट्टी बांधलेली, मिशीतून गुरगुरणारी मूर्ती. सहा वर्षांनी हाच माणूस मद्रासला उतरून भारतीय मुलांना चेंडू कसा धरायचा ते शिकवेल, असं त्या वेळी कुणी म्हटलं असतं तर लोकांनी त्याला वेड्यात काढलं असतं.

फिरकीच्या गावात वेग?

मद्रास हे तसं फिरकीचं माहेरघर. भारतानं आपला पहिला कसोटी विजय १९५२ मध्ये इथंच, चेपॉकवर, विजय हजारे यांच्या नेतृत्वाखाली मिळवला. तो विनू मंकड यांच्या फिरकीवर. त्यांनी त्या सामन्यात १२ बळी घेतले होते. जानेवारी १९८८ मध्ये नरेंद्र हिरवाणीनं पदार्पणातच वेस्ट इंडीजचे १६ बळी घेतले तेही चेपॉकवरच.

देशभरातली परिस्थिती वेगळी नव्हती. साठच्या दशकात मुंबईच्या चणीनं लहान पण जिगरबाज रमाकांत देसाईनं वेगाची खिंड जमेल तशी लढवली. त्यानंतर तर नव्या चेंडूची चकाकी उतरवण्यासाठी गावस्करसारख्या फलंदाजाच्या हातात तो दिला जायचा. दोन-चार षटकं झाली की बेदी, प्रसन्ना, चंद्रशेखर, वेंकटराघवन कामाला लागायचे. १९७८ मध्ये कपिलदेव आला आणि चित्र पालटलं. पण कपिलच्या मागं कोण? या प्रश्नाला उत्तर नव्हतं.

शिवाय हवामान! सप्टेंबर १९८६ मध्ये चेपॉकवर भारत आणि ऑस्ट्रेलिया यांच्यातली कसोटी बरोबरीत, म्हणजे 'टाय' सुटली. कसोटीच्या इतिहासात असं घडण्याची ती दुसरीच वेळ. त्या सामन्यात डीन जोन्सनं मद्रासच्या उकाड्यात २१० धावा काढल्या. खेळता खेळता मैदानावरच ओकाऱ्या काढल्या आणि शेवटी त्याला रुग्णालयात नेऊन सलाइन लावावं लागलं. ज्या हवेत उभं राहून फलंदाजी करताना ऑस्ट्रेलियाचा धडधाकट खेळाडू कोसळतो, तिथं वीस-पंचवीस पावलं धावत येऊन दिवसभर चेंडू टाकायचा कुणी?

हा उफराटा विचार केला तो टायर बनवणाऱ्या एमआरएफ कंपनीच्या रवी मामेन यांनी. मद्रास रबर फॅक्टरी हे कंपनीचं मूळ नाव. रवी यांचे वडील के. एम. मामेन मापिल्लै यांनी १९४६ मध्ये मद्रासजवळच्या तिरुवोट्टियूरला एका शेडमध्ये मुलांचे फुगे बनवायला सुरुवात केली, त्यातून ती मोठी झालेली. फुग्यापासून टायरपर्यंत पोहोचलेल्या घराला शून्यातून सुरुवात करण्याची भीती नसावी. भारतात वेगवान गोलंदाज जन्मत नसतील तर ते घडवू, असा त्यांचा हिशेब. मार्गदर्शक म्हणून त्यांनी थेट लिलीला गाठलं. रवी मामेन १९९० मध्ये अकाली गेले. त्यांनी लावलेलं झाड मात्र वाढत राहिलं.

सहा आठवडे प्लास्टरमध्ये

लिलीच का? त्याच्या नावावर ७० कसोटींत ३५५ बळी होते. जानेवारी १९८४ मध्ये तो निवृत्त झाला तेव्हा तो जागतिक विक्रम होता. पण मोठा खेळाडू चांगला शिक्षक असतोच असं नाही. लिलीकडे आकड्यांपेक्षा मोलाची गोष्ट होती. त्याची स्वतःची पाठ मोडली होती!

पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या पर्थचा हा मुलगा. १९७१ च्या जानेवारीत, एकविसाव्या वर्षी तो कसोटी खेळला. १९७२ मध्ये इंग्लंडमध्ये त्यानं एका मालिकेत ३१ बळी घेतले. तेव्हा तो नुसता वेडा वेग होता. हातपाय चारी दिशांना फेकत धावत यायचं आणि सारं अंग पिळवटून चेंडू सोडायचा. १९७३ च्या वेस्ट इंडीज दौऱ्यात एका कसोटीनंतरच त्याची पाठ गेली. मणक्याच्या खालच्या भागातल्या हाडांना बारीक तडे गेले होते. सहा आठवडे त्याचं धड प्लास्टरमध्ये होतं. वय अवघं तेवीस.

त्या काळी असा गोलंदाज संपला असंच समजत. लिली मात्र पर्थच्या विद्यापीठातले शरीरशिक्षणतज्ज्ञ डॉ. फ्रँक पाइक यांच्याकडे गेला. त्यांच्या देखरेखीखाली त्यानं महिनोन्‌महिने व्यायाम केला, स्नायू पुन्हा उभे केले, धावण्याची आणि चेंडू टाकण्याची पद्धत तपासून बदलली. १९७४-७५ च्या मोसमात तो परत आला तो इंग्लंडविरुद्ध २५ बळी घेत! त्याचा वेग थोडा कमी झाला असेल, पण डोकं आलं होतं. लेग कटर, वेगातले बदल, फलंदाजाला खेळवत आणून बाद करणं, हे सारं त्या मोडलेल्या पाठीनं त्याला शिकवलं.

आणखी एक धडा त्याला आशियातल्या खेळपट्ट्यांनी दिला. १९८० मध्ये पाकिस्तानात तीन कसोटींत मिळून त्याला फक्त तीन बळी मिळाले. आपल्यासारख्या निर्जीव खेळपट्टीवर वेगवान गोलंदाजाचे काय हाल होतात, हे जगातल्या सर्वोत्तम गोलंदाजानं स्वतः भोगलं होतं. 'पुढच्यास ठेच, मागचा शहाणा' असं आपण म्हणतो. मद्रासच्या मुलांना ठेच लागलेला आणि ती न लपवणारा मास्तर मिळाला, हे त्यांचं भाग्य.

शाळेतले धडे

लिली वर्षातून काही वेळा येऊन शिबिरं घ्यायचा. रोजचं काम पाहायचा तो टी. ए. शेखर. मद्रासचाच हा उंचापुरा गोलंदाज १९८३ मध्ये पाकिस्तानात दोन कसोटी सामने खेळला आणि त्याला एकही बळी मिळाला नाही. ज्याला स्वतःला वेळेवर मार्गदर्शन मिळालं नाही, अशा माणसाच्या हातात पुढच्या पिढीची उस्तवार आली.

इथलं शिक्षण म्हणजे दिवसभर जाळीत चेंडू फेकणं नव्हे. आधी शरीर. धावणं, व्यायामशाळा, पोट आणि पाठीच्या स्नायूंची ताकद. मग गोलंदाजीचं चित्रीकरण करून ते व्हिडिओवर सावकाश पाहायचं. आज गावोगावच्या अकादम्यांमध्ये हे होतं. त्या काळी आपल्याकडे ती नवलाईच होती.

व्हिडिओवर मुख्यतः काय शोधायचं? तर पिळवटलेलं अंग. गोलंदाज चेंडू सोडताना एक तर अंगाची बाजू फलंदाजाकडे करतो किंवा छाती त्याच्यासमोर ठेवतो. दोन्ही पद्धती चालतात. पण कंबर समोर आणि खांदे बाजूला, अशी खिचडी झाली की घात होतो. पुढचा पाय जमिनीवर आदळताना शरीराच्या वजनाच्या कित्येक पट भार त्यावर येतो. त्याच क्षणी पाठ वाकते, कलते आणि कंबरेशी उलट पिळली जाते. ओलं धुणं पिळावं तशी! दिवसाला शंभरदा हे झालं, तर तरुण, अजून वाढत असलेल्या हाडाला तडा जाणारच. लिलीची पाठ गेली ती अशा छळानंच. म्हणून त्याच्या शाळेत पहिला धडा वेगाचा नव्हता, पाठ जपण्याचा होता.

रिकाम्या हातानं परतलेला मुलगा

शाळा सुरू झाली त्याच वर्षी मुंबईहून एक चौदा वर्षांचा मुलगा तिथं गेला. कुरळे केस, बुटकी चण. त्याला वेगवान गोलंदाज व्हायचं होतं. लिलीनं त्याला पाहिलं आणि तू फलंदाजीकडेच लक्ष दे, असा सल्ला देऊन मोकळा झाला. मुलाचं नाव सचिन तेंडुलकर!

ही गोष्ट आता हसत सांगितली जाते. पण त्या वयाच्या मुलाला नाही म्हणणं सोपं नसतं. गोड बोलून शिबिरात ठेवून घेतलं असतं तर कुणाचं काय बिघडलं असतं? त्या मुलाची उमेदीची वर्षं बिघडली असती. ज्याला पाठीची किंमत ठाऊक होती त्याला हेही ठाऊक होतं की हे शरीर या कामासाठी नाही. योग्य वेळी दिलेला नकार हेही शिक्षणच असतं, हे आपल्याकडे मुलांना या क्लासमधून त्या क्लासमध्ये पळवणाऱ्या आईबापांनी लक्षात ठेवावं असं आहे.

गंमत पुढे आहे. नोव्हेंबर १९८९ मध्ये सचिन पाकिस्तानात पहिली कसोटी खेळला. त्याच दौऱ्यात विवेक राझदानही भारताकडून खेळला. पेस फाउंडेशनमधून भारतीय संघात पोहोचलेला तो पहिला गोलंदाज. सियालकोटच्या कसोटीत त्यानं एका डावात पाच बळी घेतले, पण दोन कसोटींतच त्याची कारकीर्द आटोपली. लिलीनं परत पाठवलेला मुलगा मात्र २०० कसोटी खेळला. आणि पुढे अनेक वर्षं त्याच्या बॅटवर नाव झळकलं ते एमआरएफचंच!

श्रीरामपूर ते चेटपेट

मराठी माणसाला या शाळेबद्दल खरी आपुलकी वाटावी ती झहीर खानमुळे. नगर जिल्ह्यातलं, आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यातलं श्रीरामपूर हे उसाच्या आणि साखरेच्या पट्ट्यातलं गाव. झहीरचा जन्म तिथला, १९७८ चा. अभ्यासात बरा असलेला हा मुलगा इंजिनीअर होईल असं घरात वाटत होतं. पण देशात इंजिनीअर पुष्कळ आहेत, तू वेगवान गोलंदाज हो, अशा अर्थाचं वडीलच त्याला म्हणाले. मध्यमवर्गीय घरात असं बोलणारे वडील किती सापडतील?

सतराव्या वर्षी तो मुंबईत आला. तिथं माजी कसोटीपटू सुधीर नाईक यांनी त्याला आपल्या नॅशनल क्रिकेट क्लबात घेतलं, सांभाळलं. वेग होता, डावा हात होता, पण तालुक्याच्या गावात त्याला शास्त्रशुद्ध धडे कुठून मिळणार? शेखरची नजर त्याच्यावर पडली आणि झहीरची गाडी चेन्नईकडे निघाली. भाषा वेगळी, जेवण वेगळं, हवा अंगाला चिकटणारी. पण चेंडूची भाषा सगळीकडे एकच.

मुंबईच्या रणजी संघात जागा मिळत नव्हती, म्हणून तो बडोद्याकडून खेळला. ऑक्टोबर २००० मध्ये नैरोबीला त्यानं भारताकडून पदार्पण केलं. त्याच स्पर्धेत स्टीव्ह वॉचा त्रिफळा उडवणारा त्याचा यॉर्कर पाहून साऱ्या देशानं डोळे चोळले. आपला, आणि इतका वेगवान?

वाट मात्र सरळ नव्हती. २००३ च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात त्याच्या पहिल्याच षटकात ऑस्ट्रेलियानं १५ धावा चोपल्या. पुढे दुखापती आल्या, संघातली जागा गेली. २००६ मध्ये तो इंग्लंडमध्ये वूस्टरशायरकडून खेळायला गेला. धाव आखूड केली, नुसत्या वेगाचा हव्यास सोडला, चेंडू दोन्ही बाजूंना वळवायला शिकला. वेडा वेग, मोडतोड आणि मग डोक्यानं केलेली गोलंदाजी. लिली ज्या वाटेनं गेला होता तीच ही वाट!

आणि मग २ एप्रिल २०११ ची दुपार. वानखेडेवर विश्वचषकाचा अंतिम सामना. खेळपट्टी तयार केली होती सुधीर नाईक यांनी, आणि त्यांच्या क्लबात वाढलेला झहीर पहिलं षटक टाकत होता. सुरुवातीच्या पाच षटकांत त्यानं फक्त सहा धावा देऊन एक बळी घेतला. त्या स्पर्धेत त्यानं २१ बळी मिळवले. पाकिस्तानच्या शाहिद आफ्रिदीच्या जोडीनं ते सर्वाधिक होते. कसोटीत तो ३११ बळींवर थांबला.

शिष्यच झाला गुरुजी

झहीर एकटा नव्हे. जवागल श्रीनाथ, वेंकटेश प्रसाद, इरफान पठाण, मुनाफ पटेल, आर. पी. सिंग, श्रीशांत ही सारी मंडळी कधी ना कधी चेटपेटच्या या मैदानावर घाम गाळून गेली. परदेशांतूनही मुलं आली. श्रीलंकेचा चामिंडा वास आला. चेंडू फेकतो असा ठपका १९९५ मध्ये बसलेला झिंबाब्वेचा हेन्री ओलोंगा आपली शैली सुधारण्यासाठी आला. ज्या ऑस्ट्रेलियानं लिली दिला, त्याच देशातून ब्रेट ली आणि ग्लेन मॅकग्राही इथल्या उकाड्यात गोलंदाजी शिकायला आले. भारतीय उपखंडात तग धरायची तर तालीमही इथल्याच मातीत हवी, हे त्यांनी ओळखलं होतं.

सगळेच मोठे झाले असं नाही. काहींची पाठ, काहींचा गुडघा गेला, काहींची नावंही आता कुणाला आठवणार नाहीत. या धंद्यात शरीर हेच भांडवल, आणि ते कधी बुडेल याचा नेम नसतो. म्हणूनच ते कसं जपायचं हे सांगणारा माणूस हवा.

२०१२ मध्ये लिलीनं निरोप घेतला. त्याच्या जागी संचालक म्हणून आला तो मॅकग्रा. ५६३ कसोटी बळी घेतलेला हा गोलंदाज स्वतः तरुणपणी याच जाळीत घाम गाळून गेलेला. शिष्यानं गुरूच्या खुर्चीवर बसावं, यापेक्षा मोठी गुरुदक्षिणा कोणती?

चेन्नईला गेलात तर

पुढच्या वेळी चेन्नईला गेलात तर मरीनावर जरूर फिरा, साड्याही घ्या. ऑक्टोबर ते डिसेंबर हा तिथला परतीच्या पावसाचा काळ, तर मे महिन्यात उकाडा जीव काढतो. म्हणून जानेवारी-फेब्रुवारी बरे. आणि घरातला मुलगा किंवा मुलगी वेगवान गोलंदाज व्हायचं म्हणत असेल तर एक सकाळ काढून पार्कहून लोकल पकडा आणि चेटपेटला उतरा. शाळेच्या कुंपणाबाहेरून जेवढं दिसेल तेवढं मैदान त्याला दाखवा.

मग त्याला सांगा की पाठ दुखली तर लपवायचं नाही. दुखत असताना आणखी जोरात टाकून शूरपणा सिद्ध होत नाही. विश्रांती हाही सरावाचाच भाग आहे. हे आपल्याला एका ऑस्ट्रेलियन माणसानं शिकवलं. मेलबर्नला आपण त्याच्यावर चिडलो होतो. भारतात त्याच्या नावावर कसोटीचा एकही बळी नाही. पण श्रीनाथचे २३६ आणि झहीरचे ३११ मोजताना त्यातले थोडे त्याच्याही खात्यावर टाकायला हरकत नाही.